परत फिरायचा हुकूम

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी खोटं बोलण्यात काही अर्थ नाही. म्हणून सरळच सांगते. तुमच्या उन्हाळी शिबिरात एका मुलीवर भित्री म्हणून शिक्का बसला. तो माझ्यामुळे बसला, आणि मी तो बसू दिला.

साठ सालाच्या आगेमागचा तो मे महिना. बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या घरांत मुलींनी सुट्टीत पापड लाटायचे, फार तर भरतकाम शिकायचं. तुम्ही मात्र घरोघर फिरून आयांना गळ घातलीत, की आठ दिवस पोरी माझ्या ताब्यात द्या, त्यांना नेतृत्व शिकवते. "दगडावर चढून कसलं नेतृत्व बाई?" माझ्या आईनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "अक्का, वर्गात हात वर करणाऱ्या पुष्कळ असतात की. पाय लटपटले की कोण काय करते, ते मला बघायचंय." आईला ते किती पटलं कोण जाणे, पण आम्ही भावांचे पायजमे चढवून मागडीच्या डोंगराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो.

शिबिराचा एक नियम होता. दिवसभर तुकडीचे निर्णय लीडरनं घ्यायचे आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून ते का घेतले हे सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी लीडर मी. तुम्ही दुसऱ्या तुकडीबरोबर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. आम्ही चौघी एका दोराला बांधलेल्या, सगळ्यांत पुढे मी, माझ्यामागे माझी वर्गमैत्रीण. कातळ इतका तापलाय की हात टेकवत नाही. तिचा पाय जरासा घसरतो, गुडघा खरचटतो. ती पायजम्यालाच रक्त पुसते आणि म्हणते, "काही नाही गं, स्वल्प खरचटलं. चल की, माथा आलाच." मी तिच्याकडे बघायला म्हणून वळते, आणि तिच्या पलीकडे पार खालपर्यंत काहीच नाही. माझा पाय उचलत नाही. "तुला लागलंय. सगळ्यांनी परत फिरायचं," मी हुकूम सोडते. ती दोनदा नको म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून खाली वळली.

संध्याकाळी मी सांगितलं, की ती घाबरली होती म्हणून मी चौघींना खाली आणलं. इतक्या सफाईनं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. ती समोरच बसली होती, गुडघ्याला हळद लावून, नियम पाळत. तिसऱ्या तुकडीच्या, माथा गाठून आलेल्या लीडरला तुम्ही झापलंत, दमलेल्या मुलीला वाटेत एकटीला बसवून गेली म्हणून. मला मात्र स्वतःचं होकायंत्र दिलंत. "माथा कुठं पळून जात नाही. सोबतिणीसाठी परत फिरणं अवघड," म्हणालात. माझ्या मैत्रिणीला मायेनं जवळ घेतलंत. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, तेव्हा त्याच मायेनं तुम्ही तिला स्वयंपाकाच्या तुकडीत घातलंत. आम्ही कड्यावर आणि ती चुलीपाशी सांबाराचा भोपळा चिरते आहे. "बाई, मला चढायचंय," ती म्हणाली होती. "सरी, बरं, पुढच्या वर्षी बघू," तुम्ही म्हणालात. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

परत फिरल्याची ती गोष्ट मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितली, मुख्याध्यापिका झाल्यावर मुलींना सांगितली. तुमच्या शेवटच्या आजारात मी सगळं कबूल करायचंच असं ठरवून आले होते. दारातून आत येते न येते तोच तुम्ही भाचीला म्हणालात, "हीच ती, सोबतिणीसाठी परत फिरलेली." मी घाम पुसला आणि समोर आलेला चहा प्यायले. बाई, मला तुमचाही राग येतो. एकदा, एकदाच, तिला बाजूला घेऊन विचारायचं होतंत.

खरं तर हे पत्र तिलाच लिहायला हवं. ती होसकोट्याला मुलाकडे असते. पत्ता माझ्या वहीत आहे, दर दिवाळीला तिचं कार्डही येतं. पण तिला लिहिलं तर ती उत्तर देईल. तुम्ही देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.