पुढे जायचे तर रिव्हर्स टाका

२ एप्रिल २००६, रविवार
निर्णय झाला. आमची फियाट विजेवर चालवणार. मी बी.एस्सी. फिजिक्स, १९६५. फर्स्ट क्लास दोन मार्कांनी हुकला, दोष तपासणाऱ्याचा.
ह्यांचे म्हणणे, गाडी छान चालते आहे. तीच तर अडचण. चालते म्हणून दर रविवारी धायरीला जाते. तिथे ह्यांची थोरली बहीण, मैनावन्सं. पाय अधू. त्यांना मागच्या सीटवर पाय पसरून बसवायचे, खडकवासल्यापर्यंत फिरवून आणायचे. तीस वर्षे हेच. माझा विरोध वन्संना नाही, पेट्रोलला आहे.

५ एप्रिल
रतन मेकॅनिकने इंजिन काढले. ह्यांनी ताप बघावा तसा इंजिनाला हात लावून पाहिला. मी म्हटले, भंगार आहे ते. भंगारवाल्याने ते नेले आणि फोर्कलिफ्टची जुनी मोटर दिली. प्रगती.

९ एप्रिल, रविवार
वन्संचा फोन. "वैनी, रावसाहेब येनार हाय का न्हाई?" पुढच्या रविवारी नक्की, असे सांगितले. हे म्हणाले, आज रिक्षाने जाऊन येतो. मी म्हटले, मग ट्रकच्या चार बॅटऱ्या चार्जिंगला वर घरात कोण आणणार? डॉक्टरांनी ह्यांना वजन उचलायला मनाई केली आहे. डॉक्टर सगळ्यांनाच करतात.

१३ एप्रिल, गुरुवार
गुरुवार, म्हणून लोडशेडिंग, दिवसभर वीज नाही. चार्जिंग शून्य. वेळ वाया घालवला नाही. मागची सीट काढून तिथे बॅटऱ्या बसवल्या. ह्यांनी विचारले, अक्का बसणार कुठे? वजनाचे संतुलन असते, ते मी ठरवत नाही, विज्ञान ठरवते.

१६ एप्रिल, रविवार
ट्रायल. ह्यांनी पहिला गिअर टाकला, गाडी मागे गेली. तुळशीवृंदावन आडवे. रतन म्हणाला, "मॅडम, मोटर उलटी फिरतीय." मी म्हटले, मोटर बरोबर फिरते आहे, गिअर उलटे आहेत. पहिल्यात मागे जाते, तर रिव्हर्समध्ये पुढे जाईल. गेली! मागे जायला चार गिअर, पुढे जायला एक. अडुसष्टाव्या वर्षी ह्यांना पुढचे गिअर लागतात किती?
रतन पाने-पक्कड गोळा करून निघून गेला. कमी शिकलेला.
धायरीला पुढच्या रविवारी, अगदी नक्की.

२० एप्रिल
ह्यांना रोज शिकवते आहे. पुढे जायचे तर रिव्हर्स टाका. चाळीस वर्षांची वाईट सवय, सुटत नाही. आज ह्यांच्या डोळ्यांत पाणी. बॅटरीतल्या ॲसिडची वाफ, दुसरे काय.

२३ एप्रिल, रविवार
पहाटे वन्संचा फोन. ह्यांना म्हणाल्या, "गाडीचं मरू दे, तू ये."
निघालो. कोपऱ्यापर्यंत उत्कृष्ट. तिथे बॅटऱ्या संपल्या. ह्यांनी ढकलत परत आणली, मी स्टिअरिंगवर. समोरच्या गॅलरीतून हिंदुराव ओरडले, "वहिनी, रावसाहेब ॲव्हरेज किती देतात हो?" लक्ष दिले नाही.
हे घरी आले, हात धुतले, किल्ली माझ्या हातात ठेवली. दोन सदरे पिशवीत घालून स्वारगेटकडे चालू लागले. बसने जाणार म्हणे. संध्याकाळी येतील.

२७ एप्रिल, गुरुवार
वीज नाही. ह्यांचा फोन. अक्काजवळच राहतो म्हणाले. कधीपर्यंत, विचारले. म्हणाले, "पुढे जायचं तर रिव्हर्स टाका, तूच शिकवलंस ना? टाकला." मागे वन्सं हसत होत्या. फोनमध्ये खरखर फार होती, नीट कळले नाही.
सुधारणा: ह्यांना आणायला मी स्वतः जाणार.

३० एप्रिल, रविवार
वीज आहे. बॅटऱ्या पूर्ण चार्ज. ह्यांची मऊ उशी पुढच्या सीटवर घेतली. रिव्हर्स टाकला. कोपऱ्यापर्यंत उत्कृष्ट.
दुपारचा दीड. अजून कोपऱ्यावरच आहे. गाडीत दोष नाही. ढकलायला माणूस नाही.