कडुनिंबाखालच्या गाडीचा दाखला

उंद्री,
१२ जुलै २०२०

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे मी आणि तुझी वहिनी खुशाल आहोत. सोयाबीन गुडघ्याला लागलं आहे. शाळेला मार्चपासून कुलूप, तरी संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधून मी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसतो. आत कोणी नसतं, पण चौथीच्या वर्गातून तालावर म्हटलेल्या कविता ऐकू येतात. वहिनी म्हणते, कान गेल्यापासून तुम्हाला नसलेलंच जास्त ऐकू येतं. काल तुझीही आठवण आली. पाखरांची कविता म्हणताना तू मधली दोन कडवी गाळायचीस, कारण पाखरं घरट्यात पोचली की शाळा सुटायची.

फोनवर तुझं बोलणं मला अर्धंच कळतं, म्हणून हे पत्र. रेणुकेनं वहिनीला सांगितलं की टाळेबंदीत तू भज्यांच्या गाडीवरची गॅसची शेगडी आणि मोठी कढई विकलीस. मामाला सांगू नका म्हणाली, म्हणून वहिनीनं लगेच सांगितलं. शालू, उत्तमराव गेल्यापासून सोळा वर्षं तू लेकीला घेऊन एकटीनं ओढलंस. आता पुरे. दोघी इकडे या. माझी पेन्शन दोघांना पुरते तशी चौघांना पुरेल.

पेपरातलं एक कात्रण सोबत ठेवलं आहे. रस्त्यावर विकणाऱ्यांना धंदा पुन्हा उभा करायला सरकार बँकेकडून दहा हजारांचं कर्ज देणार आहे, तारण नाही. दिसलं म्हणून पाठवलं. माझा आग्रह मात्र उंद्रीचाच.

वहिनीचा आशीर्वाद. रेणुकेला पापा.
तुझा,
माणिकदादा

•

बुलढाणा,
२१ जुलै २०२०

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र भेटलं. पोस्टमननं नेहमीसारखं ते कोर्टासमोर कडुनिंबाखाली नेलं, गाडी नाही पाहून वानखडे वकिलाच्या हाती दिलं, अन् वकीलसाहेब स्वतः खोलीवर आणून देऊन गेले. सोळा वर्षांत मी सात खोल्या बदलल्या, पण तू पत्ता गाडीचाच टाकतो. बरं करतो.

उंद्रीले येत नाही, राग मानू नको. पेन्शन वहिनीच्या डोळ्याच्या थेंबांसाठी ठेव. तुझ्या पैशानं कढई घेतली तर ती तुझी कढई होईल, अन् तू तिच्यात कविता तळशील. मले माझी गाडी पाह्यजे. अन् खरं सांगू का दादा, मले कागद पाह्यजे. इतकी वर्षं त्या झाडाखाली उभी आहे, पण ही बाई इथं उभी राहते असं एका कागदावर लिहिलेलं नाही.

कात्रण घेऊन रेणुकासंगं नगरपालिकेत गेली होती. टेबलावर कोण बसलेला असेल? आपल्या उंद्रीचा चंद्रशेखर. तुझा विद्यार्थी. त्यानं खुर्ची दिली, यादी पाह्यली, माझं नाव नाही. मागच्या वर्षी गाड्या मोजल्या तेव्हा मी पंधरा दिवस वहिनीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुमच्याकडे होती. गाडी बंद, मग मोजतील काय? कोणाची चूक नाही. तो म्हणे, मावशी, शिफारसपत्र देता येते, पण टाळेबंदीच्या आधी गाडी होती असा काहीतरी लेखी पुरावा आणा. ऑगस्ट सरायच्या आत.

माझ्याजवळ ना पावती ना बिल. रेणुका म्हणते, नाही जमलं तर ती बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सोडून कापडाच्या दुकानात लागते. ते मी होऊ देत नाही. तुले लिहिता येते, दादा. तू काहीतरी लिहून पाठव.

वहिनीले नमस्कार. तुझ्या मायेची सावली हाय तशीच राहू दे.
तुझी,
शालू

•

उंद्री,
२९ जुलै २०२०

चि. शालूस,
आशीर्वाद. वि. वि.

तू मागावंस आणि मी लिहू नये? चार पानांचं प्रमाणपत्र सोबत आहे. दोनदा पक्कं केलं. पहिल्या पानावर बुलढाण्याच्या थंड हवेचं वर्णन, दुसऱ्यावर कोर्टाच्या पायऱ्या चढून दमलेले पक्षकार, तिसऱ्यावर तू. तुझ्या भज्यांना अमृताची उपमा दिली आहे, ती अतिशयोक्ती समजू नये असंही खाली लिहिलं आहे. चंद्रशेखराला अलंकार कळतात, मीच शिकवले आहेत. शेवटी हे दोन चरण :

कोर्टापुढती निंब उभा, निंबाखाली ताई,
न्याय मिळो वा ना मिळो, भूक राहत नाही.

वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सरकारी कामाला गाणं कशाला. तिला काव्यातलं कळत नाही, हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी समजलं होतं.

काम झाल्याचं कळव. वाट पाहतो आहे.
तुझा,
माणिकदादा

•

बुलढाणा,
८ ऑगस्ट २०२०

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे चार पानं चंद्रशेखरनं उभं राहून वाचले. पूर्ण ऑफिस हातचं काम सोडून ऐकत होतं. एका बाईनं ते दोन चरण लिहून घेतले. मग तो म्हणे, मावशी, फार सुंदर आहे, पण हे मागच्या आठवड्यात लिहिलेलं आहे अन् लिहिणारा सख्खा भाऊ आहे. हे चालत नाही.

अन् दादा, तू लिहिलं भजे अमृतासारखे. तू एकदा तरी खाल्ले का? बुलढाण्याले आला की कोर्टाच्या मागच्या गल्लीनं खोलीवर येतो अन् तसाच जातो. मी काही बोलली नाही कधी.

तिथून निघाल्यावर वानखडे वकील भेटले. ते म्हणे, भावाची तारीफ म्हणजे साक्ष नाही. साक्ष जुनी पाह्यजे, अन् ज्याले तुझं भलं करायचं नव्हतं अशा माणसाची असली तर उत्तम. मी रस्त्यानं विचार करत घरी आली. मग डाळीच्या डब्यामागचा डबा काढला. तुझे सगळे पत्रं त्याच्यात आहेत.

तुले आठवते का माहीत नाही. डिसेंबर २००४ चं आंतरदेशीय आहे. तू लिहिलं होतं, की कोर्टासमोर भर रस्त्यात, कडुनिंबाखाली हातगाडी लावून तू भजे तळतेस असं ऐकलं. गुरुजीची बहीण म्हणून लोक मला विचारतात. ती गाडी मोडून टाक, नाहीतर मला भाऊ म्हणू नकोस. वरून तुझ्या वळणदार अक्षरात गाडीचा पत्ता, अन् त्याच्यावर पोस्टाचा शिक्का, तारखेसकट.

वकीलसाहेबाले दाखवलं तर ते ओट्यावरून उठूनच उभे राह्यले. म्हणे, शालूबाई, असा साक्षीदार आम्हाले फी घेऊन सापडत नाही. विरोधातला माणूस स्वतःच्या हातानं कबूल करून राह्यला की गाडी होती.

पण मी ते दिलं नाही. चंद्रशेखर वाचेल. तो अजून सांगतो की चारचौघांत उभं राहून बोलायचं त्याले माणिक गुरुजीनं शिकवलं. तू नाही म्हटलं तर पत्र डब्यात जाईल, अन् मी दुसरं काही शोधेन. तुले वाटेल शालूनं हे पत्र रागानं जपलं. तसं नाही. गाडी मोडून टाक असं तू लिहिलं, पण पत्ता गाडीचाच टाकला. म्हणून जपलं.

जे असेल ते मोकळेपणी कळव. लोभ कमी होणार नाही.
शालू

•

उंद्री,
१९ ऑगस्ट २०२०

चि. शालूस,
आशीर्वाद.

आठ दिवस तुझं पत्र सदऱ्याच्या खिशात होतं. आधी वाटलं, असं मी लिहिलंच नसेल. मग आठवलं. कोणत्या दौतीतल्या शाईनं लिहिलं तेही आठवलं. मुलांना सांगायचो, श्रमाला लाज नाही. आणि मधल्या सुट्टीत बसून हे लिहिलं.

खरं सांगतो, चंद्रशेखर वाचेल याचीच भीती वाटली. त्याच्या डोळ्यांत मी फार उंच उभा आहे आणि मला तिथं उभं राहायला आवडतं.

शेवटी वहिनीनं खिशातून पत्र काढलं आणि ओसरीवर बसून स्वतः वाचलं. मला वाटलं रडेल. ती हसायला लागली. म्हणाली, सोळा वर्षं बहीण झाडाखाली उभी आहे आणि तुम्हाला अजून खुर्चीची पडली आहे. मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून ती दर खेपेस बुलढाण्याला यायची, तेव्हा आधी तुझ्या गाडीवर दोन प्लेट मिरची भजी खायची आणि मग दवाखान्यात जायची. डॉक्टर विचारायचे, डोळ्यांना पाणी कशानं येतं. तू मला हे कधी सांगितलं नाहीस. दोघी मिळून मला फसवत होतात, आणि मला या वयात त्याचा फार आनंद झाला.

पत्र दे. झेरॉक्स नको, मूळ दे. सोबत ही चिठ्ठी जोड. या वेळी कविता नाही :

‘सोबतच्या पत्रातलं अक्षर माझं आहे. त्यात गाडी असल्याचं लिहिलं आहे ते खरं आहे. बाकी सगळं चुकीचं आहे. माणिकराव, निवृत्त शिक्षक, उंद्री.’

आजच जा. महिना संपत आला.
माणिकदादा

•

बुलढाणा,
३ ऑक्टोबर २०२०

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तीनदा ओरडून सांगतलं, पण तू दर वेळी सोयाबीन निघालं का म्हणूनच विचारलं. म्हणून लिहिते. काम झालं.

चंद्रशेखरनं तुझं जुनं पत्र वाचलं, मग चिठ्ठी वाचली. मी पदर तोंडाशी धरून उभी. मग म्हणे, मावशी, गुरुजी आम्हाले चुकलेलं उत्तर खोडायले लावायचे, पण खोडरबरानं नाही. एक रेघ मारा, चूक दिसली पाह्यजे, अन् शेजारी बरोबर लिहा. त्यानं स्वतः दोन्हीच्या झेरॉक्स काढल्या अन् मूळ पत्र परत माझ्या हाती दिलं. म्हणे, हे तुमचं आहे, फाइलीचं नाही. तुले नमस्कार सांगतला, पाया पडून.

नंतर नगरपालिकेचे दोन माणसं कडुनिंबाजवळ येऊन विचारपूस करून गेले. कोर्टाचा शिपाई, झेरॉक्सवाला, सगळे एकदमच बोलत होते. शेवटी शिफारसपत्र भेटलं. त्याच्यावर माझं पूर्ण नाव, खाली व्यवसाय, खाली जागा. रेणुकानं लगेच लॅमिनेशन केलं. मी ते उशाशी घेऊन झोपली, हसू नको. बँकेतून पैसे मागच्या आठवड्यात आले. कढई घेतली, पहिलीपेक्षा मोठी. सिलिंडर, तेलाचा डबा, बेसन आलं. गाडीचं एक चाक बदललं. रेणुकाची फी भरली अन् दुकानाचं नाव घरात काढायचं नाही असं मी तिले बजावलं आहे.

सोमवारी, बारा तारखेले गाडी लावते. वहिनीले खास आमंत्रण आहे, जुनं गिऱ्हाईक आहे. तुले बोलावत नाही. तुले कोर्टाच्या मागची गल्ली माहीत आहेच.

घरच्या सगळ्यांवर तुझा हात राहो.
तुझी लाडकी,
शालू

•

उंद्री,
१४ ऑक्टोबर २०२०

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा एस.टी.नं संध्याकाळी सुखरूप पोचलो. वहिनीच्या पिशवीत तू बांधून दिलेल्या मिरच्या घरापर्यंत टिकल्या नाहीत. ती म्हणते बसमध्ये सांडल्या. कागद मात्र पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला होता.

सोमवारी मी उतरल्याबरोबर आलो नाही, हे तुला कळलं नसेल. वहिनीला पुढे पाठवलं आणि मी कोर्टाच्या फाटकाशी पाऊण तास उभा होतो. तू मुखपट्टी लावून झारा हलवत होतीस. सगळे गोल आखून त्यात उभे होते, तरी गोलातून मान बाहेर काढून कढईकडे पाहत होते. मला आपलं घरामागचं परसू आठवलं, आई चुलीपुढे आणि आपण ताटं घेऊन. वाटलं, असं काहीतरी लिहावं. मग वाटलं, लिहून फार झालं, आता रस्ता ओलांडावा.

तू मला पाहिलंस. नुसती प्लेट पुढे केलीस. भजे अमृतासारखे नव्हते, शालू. अमृत मी चाखलेलं नाही. मिरची तिखट होती, मीठ बेताचं होतं आणि मी तीन प्लेट खाल्ल्या, हे तू पाहिलंसच.

एक गोष्ट मात्र तू पाहिली नाहीस. तू आणि रेणुका हापशावर पाणी आणायला गेलात, वहिनी चहाला गेली आणि मी गाडीजवळ एकटा होतो. एक तरुण वकील आला, काळा कोट, घाईत. त्यानं मला गाडीवरचाच समजून दोन प्लेट मिरची मागितली, कढी जास्त घाला म्हणाला. मी हात सॅनिटायझरनं चोळले आणि प्लेटा भरल्या. त्यानं विचारलं, काका नवीन लागले का इथं?

मी म्हटलं, “मी शालूबाईचा भाऊ आहे.”

मला ऐकू कमी येतं, त्यामुळे माझा आवाज किती मोठा होता ते कळलं नाही. पण सगळ्या गोलांतल्या माना वळल्या आणि फाटकावरच्या पोलिसानंही पाहिलं. वकील हसला. म्हणाला, मग भावाच्या हातानं एक मिरची जास्त टाका.

मी दोन टाकल्या.

तुझ्या कढईला आणि रेणुकेच्या अभ्यासाला आमचे आशीर्वाद. पुढच्या सोमवारी कांदे मी उंद्रीहून आणतो.
तुझा,
माणिकदादा