आजीची दुसरी पायरी

३ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्यात आधी आली ती समोरची जाळी विणणारी, आमची जाळीवाली, आणि तिला तर कुणी बोलावलंच नव्हतं. पाहुणे बघायला आली. पाहुणे मागून आले – दोन बाया, एक उंच बुवा, तिघे तीन देशांचे. बुवाचं डोकं चौकटीवर आपटलं. जाळीवाली म्हणते, "याला लाटा घरबसल्या दिसत असतील."

तिघे आमच्या नातीच्या हवामान कचेरीत आलेत. समुद्राचा अंदाज आजवर लांबच्या देशातून यायचा, अख्ख्या समुद्राला मिळून एकच. आमच्या बंदराला तो कधी जुळलाच नाही. म्हणून तर लेक म्हणतो, "अंदाज ऐकायचा आणि तरी होडी काढायची." इकडे माझा जीव टांगणीला. आता आसपासच्या देशांनी आकडे एकमेकांना द्यायचे आणि अंदाज नातीने इथेच काढायचा. यंत्र आलंय. पण महिनाअखेर जुळला नाही तर ते शेजारच्या देशात जाणार, आणि पोरीने पुन्हा दुसऱ्यांचंच वाचून दाखवायचं.

५ नोव्हेंबर

यंत्राला म्हणे या बंदराचे जुने आकडे हवेत. कचेरीत नाहीत. माझ्याकडे आहेत! बावीस वर्षं रोज भरतीला धक्क्यावर जाते, पाणी कितव्या पायरीला लागलं ते लिहिते. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या वह्या, पण पाहुणीने अशा घेतल्या, जसं बाळंतिणीकडून मूल घ्यावं.

आता एकच घोर. पायरीच्या खाली बाकीचंही लिहिलंय. सून कशी, तिची भाजी कशी. आणि आकडे वाचून सांगायला बसलंय कोण, तर सूनच. माझं अक्षर तिलाच लागतं.

६ नोव्हेंबर

सुनेने वही मिटली, ताट वाढलं. भाजी खारट होती. मुकाट्याने खाल्ली.

१२ नोव्हेंबर

काल धक्का भिजला, यंत्र म्हणालं शांत. आज समुद्र परातीतल्या पाण्यासारखा, तर म्हणतं मोठ्या लाटा. होडीवाले हसले, लेकसुद्धा. नात कोपऱ्यात डोळे पुसत होती. उंच बुवाने यंत्राच्या रिकाम्या खोक्याकडे बघितलं – मी पाहिलं.

तडक कचेरीत गेले. म्हटलं, पायऱ्या मोजल्या कुठून? नात म्हणाली, "खालून, आजी. पहिली म्हणजे खालचीच ना?"

अगं, खालची बारा महिने पाण्यात. तिथून मोजायला मी मासा आहे काय? माणूस घरून जातं, वरून उतरतं. माझी पहिली वरची!

नातीने कपाळावर हात मारला. पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, तर पाहुणी म्हणे, "आजींनी समुद्र पालथा घातला." म्हटलं, पालथा तुम्ही घातलात, आता उताणा करा.

सुनेला विचारलं, तुला माहीत नव्हतं? "मला आकडे वाचायला सांगितले. मोजतात कुठून ते कुणी विचारलं?"

ही अशी आहे.

१९ नोव्हेंबर

आभाळ स्वच्छ. वारा नाही. यंत्र म्हणतं, उद्या दुपारी दोनला लांबून लाटा येणार. त्या निघाल्याचं शेजारच्या देशाने कळवलंय. नात धक्क्यावर उभी राहून सांगत होती. मीटरबिटर काही नाही. "दुसरी पायरी. आजीची दुसरी." सगळ्यांना कळलं.

लेक कुरकुरला, "एवढ्या उन्हात?" सुनेने इंजिनाची किल्ली पदराला बांधली. "घ्या सोडवून," म्हणाली. कोण सोडवतो?

२० नोव्हेंबर

दोन वाजून दहा मिनिटं. दुसरी पायरी भिजली, पहिली कोरडी! अठरा होड्या, सगळ्या बांधलेल्या. एकही बाहेर नाही. लेक माझ्याशेजारी उभा. मग म्हणाला, "आई, पोरीला विचार ना, उद्याचं काय?"

मी म्हटलं, तुझी पोर आहे, तूच विचार. विचारलंन.

३० नोव्हेंबर

यंत्र राहिलं. पाहुणे गेले. १४ मार्चला परत येतो म्हणाले, आणि येताना चार देशांची माणसं आणणार, नातीकडे शिकायला. नातीकडे! उंच बुवा जाताना वाकला. चौकट वाचली.

१ डिसेंबर

गुडघा धरला, धक्क्यावर जाता आलं नाही. बावीस वर्षांत पहिला खाडा. संध्याकाळी वही उघडली तर सुनेचं अक्षर –

"पायरी सहावी, वरून. आज भाजीत मीठ बेताचं आहे, चाखून मग लिहा. १४ मार्चला पाहुण्यांना मीच रांधणार."