पश्चिमेचं अर्धं वावर

हैदराबाद, ९ जून २०२३

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम.

बियाणं बसने पाठवलं आहे. हिरव्या थैलीतल्या तुरीवर पातळ थर दिसेल. मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणू त्यात आहेत. समुद्री शेवाळाच्या चिकात कोंडून मी त्यांना तीन वर्षं जगवलं. थैली उन्हात ठेवू नका. हे बी पूर्वेच्या अर्ध्या वावरात पेरा. पांढऱ्या थैलीतलं साधं बी पश्चिमेला, सुरजदादाच्या हिश्श्यात. दोन्हीकडच्या पिकात फरक दिसला, तरच माझं काम पुढे चालेल. रंजीतावहिनीला सांगा, नणंद दुरूनही कामाला लावते.

तुमची अर्पिता

नेरडीगोंडा, २ जुलै २०२३

चि. अर्पितास,
अनेक आशीर्वाद.

पेरणी आटोपली. थैल्या पाहून रंजीता म्हणाली, नणंदबाईनं आमचंच अर्धं काऊन उपाशी ठेवलं. मग स्वतःच हसली. सुरज गेल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा. तब्येतीला जप.

तुझा बाबा

हैदराबाद, २२ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम.

तुरीची वजनं मिळाली. दोन्ही बाजू सारख्या. माझ्या जिवाणूंनी काहीच केलं नाही. माझे मार्गदर्शक सर रागावले नाहीत, काम थांबवू म्हणाले. काल जिवाणूंच्या सगळ्या बाटल्या उकळून रिकाम्या केल्या. प्रयोगशाळेत तसा नियम आहे. वहिनीला विचारलं म्हणून सांगा.

तुमची अर्पिता

नेरडीगोंडा, १ फेब्रुवारी २०२४

चि. अर्पितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. पेरणीच्या सकाळी मी दोन्ही थैल्या एकाच टोपल्यात ओतल्या. रंजीता थट्टेत बोलली होती. पण तिच्या ओटीत साधं बी घालायला माझा हात धजावला नाही. सुरज असता तर त्याला मी वाटणीत कमी दिलं नसतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, काय करतो आहे ते मला कळत होतं. बाटल्या पुन्हा भरता येतील का, ते लिही.

तुझा बाबा

हैदराबाद, ९ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम.

नाही, बाबा. वावरात ते जिवाणू थोडे उरले असतील, पण मातीतल्या इतर जिवाणूंतून शोधायला वर्षं लागतील. तेवढी माझ्याकडे नाहीत. सरांना खरं ते सांगितलं. वहिनीला कळू देऊ नका.

साधं बी कोणत्या अर्ध्यात पेरायचं, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं असतं. मी चिठ्ठी टाकली नाही. दादा आता भांडायला येणार नाही, असं मनात आलं आणि त्याचं अर्धं लिहून टाकलं.

माझ्यावर माया आहे तशी राहू द्या.

तुमची अर्पिता