न्हाणीघरातील जीव विषारी असल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. सर्प व कीटक ओळख अधिकारी,
नगर आरोग्य कार्यालय.

विषय: न्हाणीघरात निघणाऱ्या गांडुळासारख्या जीवाची ओळख पटवून तो विषारी साप असल्याचे लेखी मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या दारावरील पत्रक, 'साप दिसल्यास मारू नका, आम्हाला कळवा.'

महोदय,

१. अर्जदार गॅरेजमध्ये फिटर असून आई व धाकट्या बहिणीसह तळमजल्यावर राहतो. महिनाभरापासून न्हाणीघराच्या जाळीतून वीतभर लांब, बुटाच्या नाडीएवढे जाड, काळपट चकचकीत जीव वर येत आहेत. पहिला अर्जदाराने टाचेखाली चिरडला. दुसऱ्यावर उकळते पाणी ओतले, तो बराच वेळ वळवळला. पुढचे चार पान्याने ठेचले. त्यात सहा फरशा फुटल्या, त्याबद्दल तक्रार नाही.

२. बहीण शिवणकाम करते. तिचे पहिल्यापासून म्हणणे, की हा वाळा साप आहे. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, याच्या अंगावर बारीक खवले. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. शेपटीला इवलासा काटा. तो मुंग्यांची अंडी खातो आणि माणसाला चावण्याएवढे त्याचे तोंडच नाही. हे सर्व तिने आपल्याच पत्रकात वाचले. सबब पुढील प्रकारास आपले कार्यालयही काही अंशी जबाबदार आहे, हे नम्रपणे नमूद करण्यात येते.

३. रविवारी सकाळी सातवा निघाला. अर्जदार पाना घेऊन धावला, तोवर बहिणीने तो उजव्या तळहातावर घेतला होता. अर्जदार दारातच थबकला हे पाहून ती हसली. "दादा, तिकडे इंजिनं उचलतोस नि याला भितोस?" एवढेच म्हणाली. अर्जदाराने पाना हाणला. तिची तीन बोटे मोडली, एकाचे हाड कातडी फाडून बाहेर आले, रक्त आरशापर्यंत उडाले. यापुढे सुई धरता येणे कठीण, असे डॉक्टर सांगतात. त्यांना तिने 'दारात हात चेंगरला' असे सांगितले. साप विषारी ठरल्यास अर्जदाराने तिचा जीवच वाचवला असे होईल, ही बाब कृपया विचारात घ्यावी.

४. ती अर्जदाराशी बोलत नाही. आईने मात्र ताट पुढे सरकवत विचारले, "खरं सांग, तू सापाला मारत होतास की तिला?" अर्जदार ताटावरून उठला. दोघी शुक्रवारी कायमच्या मामाकडे निघाल्या आहेत. तत्पूर्वी दाखला मिळावा. त्यावर 'विषारी' एवढा एकच शब्द असला तरी चालेल.

५. एक गोष्ट लपवून उपयोग नाही, सोबत जोडलेली बाटली पाहताच आपल्या ध्यानात येईल. पहिला घाव नळावर बसला होता. ती दचकली आणि तिच्या हातातला साप बादलीत पडला. तिचा हात रिकामा होता, हे अर्जदाराने पाहिले होते. मग त्याने पाना पुन्हा उचलला.

आपल्या एका ओळीवर घर टांगून बसलेला,
(सही)
फिटर, तळमजला
बुधवार

सोबत:
१) उजव्या हाताचा एक्स-रे (परत करावा).
२) बाटली; आत सातवा साप, जिवंत, अंगावर ओरखडाही नाही. झाकणाला भोके बहिणीने डाव्या हाताने पाडली आहेत.