लटारूभाऊंच्या गाण्याची व्यवस्था

मी, हरिदास नीलकंठ मोहुर्ले, वय ४९, धंदा शेती, राहणार मोहटोला, तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर, देवाला स्मरून, शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया आहे. जीव वाचेल असे डॉक्टर म्हणतात. आवाजाचे सांगत नाहीत.

१. राहते घर आणि धानशेतीची बांधी पत्नी कांता हिला. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. टाळ भजन मंडळाला परत द्यावेत. मी दारूचे गाणे गातो म्हणून मंडळाचे प्रमुख वामनराव यांनी मला भजनातून उठवले होते. मी दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही. तरी मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, लोक कौतुकाने मोहाची बाटली हातात ठेवत, त्याला मी काय करू? राग होता, आता नाही. टाळ मात्र घासूनच द्यावेत, म्हणजे वामनरावांना बोलायला जागा उरणार नाही.

३. पेटी आणि ते गाणे मुलगी दिव्यानी हिला. गाणे मूळ आमच्या गावच्या लटारूभाऊंचे. दारुडा स्वतःच्याच दारात उभा राहून बायकोला विचारतो, "बाई, माहं घर कुठी आहे?" लटारूभाऊ दंडारीत, म्हणजे मंडईतल्या नाचगाण्याच्या नाटकात, ते झोकांड्या देत गात आणि लोक हसून लोळत. ते दारूनेच गेले. त्यानंतरच्या मंडईत मी ते भजनाच्या संथ चालीवर गायलो. मला ते देवाच्या दारात उभे राहून विचारल्यासारखे वाटे. कोणीच हसले नाही. गाणे पडले, असे मी समजलो. तेव्हा लटारूभाऊंच्या पत्नी सुगंधाबाई पडद्यामागे आल्या. म्हणाल्या, "हरिदासभाऊ, मी बी याले हासतच होती. तो खरंच घर कुठी आहे, हे पुसून राह्यला होता जी. तुमी हे गानं सोडू नोका."

४. धाकटा भाऊ हेमराज याची हरकत येथे नोंदवतो. "पोरगी दारुड्याचं गानं गाईन, त तिच्याशी लगन कोन करन?"

दिव्यानी म्हणाली, "काका, बाबाले हे गाऊन बी आई भेटली. तुमी त गात बी नाई, तरी काकू भेटलीच ना!"

हेमराज चिडला, मग हसला. हरकत ऐकली; मान्य नाही. कलम तीन माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत दिव्यानी गाईल. तिने माझीच चाल धरावी असे बंधन नाही. मीही लटारूभाऊंची धरली नव्हती.

५. हेमराजला या पत्राने काही मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार चालतो, असे वकिलांनी सांगितले. त्याला तसे कळवले.

"काई देल्लं नाई, वरून सही बी पायजे?"

"पायजे."

त्याने पेनाचे टोपण काढले. "करतो. पन मंडईत मी सगळ्याइच्या पुढं बसीन. अन् कोनी तिले शिटी मारली, त मंग त्याले पाहाले मी हाओ."

ही अट मला मान्य आहे.

लिहून देणार: हरिदास नीलकंठ मोहुर्ले (सही)
साक्षीदार: १. हेमराज नीलकंठ मोहुर्ले (सही)
२. सुगंधाबाई लटारू शेंडे (अंगठा)
ठिकाण: मोहटोला. दिनांक: १४ सप्टेंबर २०२५