ह्यांच्या श्वासाची रेघ

३ फेब्रु.
मुक्ताने आज सांगितलं. हॉस्पिटलात बापाच्या उशाशी बसून ती गिरगटत असायची, ते गिरगटणं नव्हतं. ह्यांचा श्वास कागदावर रेघेने काढत होती. वर गेला की रेघ वर, अडकला की गाठ. आता ते कागद म्हणे स्कोअर, गाण्याच्या नोटेशनसारखे. तिच्या ग्रुपमधली माणसं ते बघून आवाज काढणार, हलणार. लोकांसमोर.
"बाप गेलाय तुझा. कार्यक्रम कसले बसवतेस?"
"तू नको म्हणालीस तर नाही करणार, आई."
नको म्हणाले. ती जेवली नाही. मीही.

६ फेब्रु.
कागद टेबलावर ठेवून ऑफिसला गेली. मुद्दाम. पाहिले नाहीत.
दुपारी पाहिले. एका ठिकाणची बारीक थरथर लगेच ओळखली. झोपेतही हे असंच करायचे...

११ फेब्रु.
गेले तालमीला. गार्डन रीचच्या घरून दोन बस बदलून गरियाहाटमागचं कुणाचं तरी रिकामं गॅरेज. सगळे अनवाणी. एक दाढीवाला गाठ आली की उडी मारत होता. ह्यांच्या श्वासावर उडी.
चूक आहे, म्हटलं.
"माशीमा," दाढीवाल्याने मला मावशी केलं, "इसमें गलत कुछ होता ही नहीं. जो बदन बोले."
"माझ्या नवऱ्याच्या श्वासात चूक-बरोबर होतं."
कॉन्व्हेंट शाळेच्या कॉयरमध्ये गाताना श्वास खुणेवरच घ्यायचा. इतरत्र घेतला तर सिस्टर बोटांवर पट्टी मारत. मी तशीच वाढले. उठून दाखवलं. गाठीला डावा खांदा आधी वर. मग घशात घरघर. मग बराच वेळ काहीच नाही. मग नाकाने, चोरून घेतल्यासारखा.
मुक्ता भिंतीकडे तोंड करून उभी.
"खांदा मी विसरले होते," एवढंच म्हणाली.

१२ फेब्रु.
मुक्ताला हो म्हटलं. अट एकच, उडी नाही. हसली. मग रडत बसली. मला दोन्हीचा राग आला.

१५ फेब्रु.
शेवटच्या कागदावर रेघ मध्येच संपते. पुढे कोरं.
"इथे काय झालं?"
"पेन ठेवलं मी. हात धरला बाबांचा."
तो कोरा भाग मी करावा, असं तिचं म्हणणं. आडवी हो, होईल ते होऊ दे. गॅरेजची फरशी गार. बाकीच्यांनी रेघ संपवली. मी श्वास घेतला, तो सोडवेना. तिने माझाही हात धरला होता.
"सोड, आई."
सोडला. लगेच पुढचा आत आला, मला न विचारता. फार राग आला त्याचा.
प्रयोग परवा. त्या जागी दुसऱ्या कुणाला तरी झोपव, असं मुक्ताला सांगायचंय. अजून सांगितलेलं नाही.